नात्तूला ठेवलेली सोळा सेंट

मी, वैद्यनाथराव, कै. अनंतकृष्णराव यांचा मुलगा, वय वर्षे एकोणऐंशी, सब-रजिस्ट्रार कचेरीतला निवृत्त कारकून, राहणार कुंभकोणम्, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरी, दिवसाउजेडी, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण अक्षर वाचता येतं. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजव्याने स्पष्ट ऐकू येतं. कानाची ही नोंद मुद्दाम केली आहे, तिचं काम पुढे पडेल.

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची मृत्युपत्रं नकलून काढली. आयुष्याचा भरवसा नाही, हे वाक्य प्रत्येकाच्या पहिल्या पानावर असायचंच. मी ते लिहीत नाही. माझ्या वयाच्या माणसाला ते कागदावर वाचायची गरज नसते.

हे मृत्युपत्र मराठीत का, ते आधी सांगतो. माझा मुलगा सुंदरेश चेन्नैला असतो. गेल्या महिन्यात त्याने माझ्यासाठी तमिळमध्ये टाइप केलेला मसुदा आणला आणि सही करायला सांगितली. मसुदा उत्तम आहे, एक शब्द सोडून. ती चूक आमच्या घरातल्या मराठी आणि तमिळच्या मधल्या फटीत पडलेली आहे, म्हणून ती मराठीतच दुरुस्त करावी लागते. आमची मराठी महाराष्ट्रातल्या लोकांना जुनाट वाटते. पुण्याच्या एका पाहुण्याने माझं बोलणं ऐकून, तुम्ही नाटकात काम करता का, असं मला विचारलं होतं. म्हणून मी हे छापील पुस्तकांच्या मराठीत लिहितो आहे. माणसं जे बोलली ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

कलम १. माझी पत्नी भागीरथी २९ ऑगस्ट २०२४ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, याच घरात वारली. मला दोन मुलं: सुंदरेश, आणि सौम्या, जी इथल्या शाळेत शिकवते व माझ्याजवळ राहते. सुंदरेशचा मुलगा अनंतकृष्ण, वय अठरा, हा माझा एकुलता एक नातू. हा 'नातू' शब्द वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावा.

कलम २. कुंभकोणमचं राहतं घर, मागच्या विहिरीसकट, मी सौम्याला देतो. तिचं लग्न झालं नाही म्हणून हे दया दाखवणं आहे असं कोणी समजू नये. गेल्या पावसाळ्यात गच्चीची गळती तिने स्वतः उभं राहून बंद करून घेतली, मी फक्त छत्री धरली होती. नाचियार्कोविलची पाच वातींची पितळी समईही तिचीच. ती घासताना चिंच जास्त लावू नये, असं तिची आई सांगायची. सौम्या अजून जास्तच लावते.

कलम ३. बँकेत जे काही आहे ते सगळं सुंदरेशला.

कलम ४. आता जमीन. तिरुवलंचुळी इथे माझ्या नावावर सहा मा, म्हणजे दोन एकर भातशेती आहे. माझ्या मामाने ती १९७४ साली दानपत्राने मला दिली. ती वडिलोपार्जित नाही, तिची विल्हेवाट लावण्याचा पूर्ण अधिकार मला आहे. सरकारी कागदांत पन्नास वर्षं 'शेतकरी' या रकान्यात माझं नाव आहे आणि भागीरथीच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलेलं आहे. यातले काही कागद मीच भरले. हे दोन्ही रकाने खोटे आहेत, असं मी इथे शपथेवर सांगतो.

भागीरथीचं माहेर तंजावरचं. तिचे पूर्वज राजवाड्याच्या कोठारावर कामाला होते. पाच पिढ्या त्या लोकांनी भात फक्त पोत्यात पाहिला. तिनेही जमिनीतला भात पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, मामाची जमीन आमच्याकडे आल्यावर. जमीन कसणारा माणूस त्याच वर्षी सोडून गेला होता. मला कचेरीतून रजा मिळेना. माझी आई म्हणाली, खंडाने देऊन टाक. भागीरथी स्वयंपाकघरातून म्हणाली, "नको. मी बघत्यें."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती बसने तिरुवलंचुळीला गेली आणि पहिल्याच पावलाला गुडघ्याएवढ्या चिखलात रुतली. तिला हाताला धरून बाहेर काढलं ते सरोजाने. सरोजा तिच्याच वयाची, भात लावणाऱ्या बायकांची पुढारी. तिने हिला रोपांची मूठ कशी धरायची, किती खोल खोचायची, मागे मागे कसं सरकायचं, हे सगळं शिकवलं. दोघींची ती जोडी पन्नास वर्षं टिकली. सरोजाला मराठीचा एक शब्द येत नाही. भागीरथी तिच्याशी तमिळ बोलायची आणि घरी आली की मराठी. पण शेतातलं काही सांगायचं झालं की मराठी वाक्यात तमिळ शब्द यायचे. तणाला ती कळै म्हणायची, बांधाच्या मोरीला मडै, आणि भाताच्या रोपांना नात्तु. "नात्तूला पाणी झालें," "नात्तु उद्यां उपटायचें," असं आमच्या घरात रोज कानावर पडायचं. या गोष्टींना मराठी शब्द आमच्याकडे नव्हतेच, कारण तिच्याआधी आमच्या घरात शेतीच कोणी केली नव्हती.

माझ्या आईला हे आवडलं नाही. आपल्यातल्या सुनेने चिखलात उतरायचं म्हणजे काय, असं ती चार वर्षं म्हणत राहिली. भागीरथीने वाद घातला नाही. मागच्या दाराशी एक घंगाळ भरून ठेवलं आणि पन्नास वर्षांत चिखलाचा एक थेंब उंबऱ्याच्या आत आणला नाही. पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला भरवून, पुसून, कूस बदलून मग ही बसला पळायची. शेवटी शेवटी आई मला विचारायची, "नात्तु कितीएवढें झालें? ती कां सांगत नाहीं मज?" म्हणजे सासूसुद्धा अखेर शेतात उतरली, पलंगावरून का होईना.

मुलांची आई म्हणून तिच्याबद्दल काय लिहू? सौम्याच्या वेळी नववा महिना भरत आला होता आणि लावणी चालू होती. दुपारपर्यंत ही बांधावर उभी राहून मुठी मोजून देत होती. मग कळा सुरू झाल्या तेव्हा पाय धुऊन बसमध्ये बसली, कंडक्टरला म्हणाली, आज मधल्या थांब्यांवर गाडी थांबवू नका. सुंदरेश लहानपणी बांधावर बसून पाढे म्हणायचा. तो चुकला की ती वाकलेली असतानाच तिथूनच दुरुस्त करायची. कचेरीच्या खुर्चीत बसून मला तेवढंही जमलं नाही.

कलम ५. शाल. तूयमल्ली नावाचा जुना, पांढराशुभ्र, बारीक भात भागीरथीने कधी मोडू दिला नाही. शेजारीपाजारी सगळे नव्या बियाण्याकडे गेले. ती दरवर्षी निवडक लोंब्या वेगळ्या काढून, झोडपून, वाळवून, पेंढ्याच्या दोरात आवळून बियाण्याचं गोल गाठोडं बांधायची. त्याला इथे कोट्टै म्हणतात. त्याबद्दल दहा वर्षांपूर्वी एका समारंभात सत्कार झाला. माझा. मंचावर शाल घेतली आणि तिने आदल्या दिवशी मला पाठ करून दिलेलं सगळं सहा मिनिटं तमिळमध्ये बोललो. घरी आल्यावर तिने विचारलं, "माझें नांव घेतलांत कां?"

मी म्हणालो, "विसरलों."

"असूं दे. ती शाल इकडे द्या. कोट्टैवर घालायला होईल."

त्या दिवसापासून शाल कोट्टैवर आहे. कोट्टै आणि शाल दोन्ही मी सरोजाला देतो. मी तेव्हा विसरलो नव्हतो. नाव ओठांवर आलं होतं आणि मी ते गिळलं, कारण टाळ्या वाजत होत्या. हे लिहायला मला दहा वर्षं लागली.

कलम ६. फावडं. हे माझे चुलतभाऊ मुकुंदराव यांना द्यावं. त्यांचं शेत आमच्या वरच्या अंगाला आहे. पाणी कमी असलेल्या एका वर्षी ते आमच्याकडची मडै बंद करायचे आणि भागीरथी याच फावड्याने ती उघडायची. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी ती मडैवरच जाऊन बसली, मांडीवर डबा उघडून जेवली आणि त्यांनाही विचारलं, "भावजी, दहीभात घेतां कां?" त्यांनी घेतला. तेव्हापासून भांडण मिटलं असं ते सांगतात. माझ्याकडून मिटलेलं नाही. फावडं त्यांनी दिवाणखान्यात टांगावं.

कलम ७. हे कलम नीट वाचावं, कारण सगळं मृत्युपत्र त्याच्यासाठी आहे.

२००७ साली अनंतकृष्णाचा जन्म चेन्नैत झाला. सुंदरेशने मुकुंदरावांच्या घरी फोन केला, कारण त्यांचं घर शेताला लागून आहे. मुकुंदराव धावत बांधावर आले आणि ओरडले, "वहिनी, नातू आला! नातू!"

भागीरथी शेताच्या मधोमध होती. त्या वर्षी आमची रोपं कमी पडली होती आणि नाचियार्कोविलच्या एकाकडून गाडीभर यायची होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "सावलींत पसरून ठेवा! वर पाणी मारा! आलेंच मी!"

हा किस्सा आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला की अनंतला बोलता येऊ लागल्यावर त्यानेही सांगितला. दोन-तीन वर्षं ती लाडाने त्याला नात्तु म्हणायची आणि डोक्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडायची. तो शाळेत गेला तसं ते सुटलं.

आता गेल्या वर्षीचा ऑगस्ट. आमच्या शेताच्या रस्त्याकडच्या बाजूला सोळा सेंटचा, म्हणजे साधारण साडेसहा गुंठ्यांचा तुकडा आहे. तिथे फक्त रोपं करतात आणि मग उपटून उरलेल्या शेतात लावतात. त्या तुकड्यात भागीरथीने पन्नास वर्षं शेणखत, राख आणि पालापाचोळा घातला. तिथली माती हातात घेतली तर काळी आणि मऊ लागते. सुंदरेशला तिथे घर बांधायचं होतं. विकायचं नव्हतं, हे स्पष्ट लिहितो, कारण तो लोभी मुलगा नाही. आम्ही म्हाताऱ्यांनी गावात राहावं, अनंतने सुटीत यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. भागीरथी पलंगावर होती, अर्धं अंग गेलेलं, बोलणं जड झालेलं. २७ तारखेला तिच्या उशाशी बसून त्याने मोबाइलवर घराचा नकाशा मला दाखवला. खडीच्या किती गाड्या टाकाव्या लागतील तेही सांगितलं. तिचे डोळे मिटलेले होते. आम्हाला वाटलं ती झोपली आहे.

२९ तारखेला दुपारी तिला घरघर लागली. सुंदरेश पायाशी होता, सौम्या चमच्याने पाणी घालत होती, मी उजव्या बाजूला बसलो होतो. सरोजा शेतावरून तशीच आली होती आणि मागच्या दाराशी, घंगाळाजवळ उभी होती. भागीरथीने डोळे उघडले आणि म्हणाली, "रस्त्याकडची जागा नात्तूला ठेवा. कोणाला द्यायची नाहीं."

सुंदरेशला रडू फुटलं. "होय आई, होय. तुझ्या नातवालाच." मग माझ्याकडे वळला. "अप्पा, ऐकलांत ना?"

मी म्हणालो, "ऐकलें."

हे खोटं नव्हतं. मी उजव्या कानाने ऐकलं होतं. मराठी बोलणारा कोणीही नातवाला म्हणतो, नातवास म्हणतो. सुंदरेशही त्याच क्षणी नातवालाच म्हणाला. ती नात्तूला म्हणाली. यावर सुंदरेश म्हणेल की ती अनंतला लाडाने नात्तु म्हणायची, आणि मरताना जुनं लाडाचं नाव तोंडी येतं. बरोबर आहे त्याचं. नुसत्या व्याकरणावर मीही पैज लावली नसती. पण ती कोणाकडे बघत होती ते मी पाहिलं. ती सुंदरेशकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती मागच्या दाराकडे बघत होती. आणि दारातून सरोजा म्हणाली, "सरि, अक्का." बरं, अक्का. त्यानंतर भागीरथीने डोळे मिटले ते मिटलेच.

त्या वाक्यातला एकच शब्द सरोजाला कळण्यासारखा होता, आणि तो कळला तो तिलाच.

मी गप्प का बसलो? सुंदरेशला त्याच्या लहानपणानंतर मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. आपल्या आईचं शेवटचं बोलणं आपल्या मुलाबद्दल होतं, असं त्याला वाटत होतं. ते त्याच्या हातून काढून घ्यायचा धीर मला झाला नाही. आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं होतं. बावन्न वर्षांचा संसार. जाताना ती माझ्याबद्दल काही बोलेल, निदान माझ्याकडे बघेल, असं मला वाटलं होतं. माझ्याऐवजी ती रोपांबद्दल बोलली, त्यापेक्षा नातवाबद्दल बोलली असं म्हटलेलं मला बरं वाटलं. मी शाल दुसऱ्यांदा घेतली.

तेराव्याच्या दिवशी आम्ही सगळे तिरुवलंचुळीला गेलो. ते सोळा सेंट बोटभर हिरवे झाले होते. आम्ही घरी पिंड आणि सुतकात असताना सरोजाने कोट्टै सोडून बी भिजवलं होतं आणि पेरलं होतं. नातेवाईक म्हणाले, काय सुंदर हिरवं आहे. कोणी पेरलं, हे कोणीच विचारलं नाही.

परवा सरोजाला मी विचारलं, त्या दिवशी तुला काय समजलं? ती तमिळमध्ये म्हणाली, "अक्का नात्तुक्कु इडम् विडच् चोन्नाङ्ग. विट्टेन." अक्कांनी रोपांना जागा ठेवायला सांगितलं. ठेवली.

कलम ८. म्हणून, माझ्या पत्नीच्या शेवटच्या बोलण्याचा खरा अर्थ जाणून, मी रस्त्याकडची सोळा सेंट जागा सरोजाला पूर्ण मालकीहक्काने देतो. कोणाला द्यायची नाहीं असं भागीरथी म्हणाली होती, हे मला ठाऊक आहे. पण कायदा देवाच्या मूर्तीच्या नावावर जमीन ठेवू देतो, रोपांच्या नावावर ठेवू देत नाही. तेव्हा रोपांच्या वतीने जी "बरं" म्हणाली, तिचंच नाव घालतो. मी अट काही घालत नाही. जिला वाक्य न कळता आज्ञा कळली तिला अट काय घालायची?

उरलेली सगळी शेतजमीन मी अनंतकृष्णाला देतो. अनंता, तुझ्या शेताला रोपं लागतील, ती सरोजाच्या तुकड्यात आहेत. सरोजाच्या रोपांना लावायला शेत लागेल, ते तुझं आहे. दरवर्षी तुम्हाला एकमेकांच्या बांधावर जावं लागेल. पहिल्या वर्षी रुतशील. सरोजा हात देईल, तो धरावा.

सुंदरेशा, तुझी आई तुझ्या मुलाबद्दल शेवटी काही बोलली नाही. पण त्याच्या जन्माची बातमी आली तेव्हा काय आलं आहे हेही न कळता, सावलीत ठेवा, पाणी मारा, मी आलेंच, असं ती म्हणाली होती. नातू असो की नात्तु, तिचं उत्तर तेच असतं. तुला वर्षभर चुकीचं समजू दिलं, याची माफी मी जिवंत असताना तुझ्या तोंडावर मागायला हवी होती. ती मी या कागदावर मागतो आहे. मी पहिल्यापासून असाच आहे, तुझी आई तुला सांगू शकली असती.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सौम्याने करावी. नोंदणीसाठी तमिळ भाषांतर करावं लागेल. भाषांतर करणाऱ्याला माझी हात जोडून विनंती: कलम सात आणि आठमध्ये जिथे 'नात्तु' आहे तिथे नाट्रु, म्हणजे रोपं, लिहावं, पेरन लिहू नये; सुंदरेशच्या मसुद्यात तीच चूक आहे. जिथे 'नातू' आहे तिथे पेरन लिहावं. शंका आली तर सरोजाला विचारावं. ती लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार म्हणून तिची सही चालत नाही, याबद्दल मी कायद्यावर नाराज आहे.

याआधीचा कोणताही मसुदा, टाइप केलेला असो वा नसो, रद्द समजावा.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली. साक्षीदारांनी माझ्यादेखत सह्या केल्या. वाचताना दोन ठिकाणी मी थांबलो, त्याचं कारण चष्मा नव्हता.

साक्षीदार:
१. जयश्री, निवृत्त दाई, शेजारचं घर (सौम्याच्या जन्माच्या वेळी हजर)
२. कृष्णकुमार, पोस्टमन

ठिकाण: कुंभकोणम्
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५. सोळा सेंटमधली रोपं वीतभर झाली आहेत, पुढच्या आठवड्यात उपटायची.

सही:
वैद्यनाथराव
कै. भागीरथी, शेतकरी, हिचा नवरा